भोकं चार, वायरी पाच

आमच्या राउटरच्या पाठीला चार पिवळी भोकं आहेत आणि एक निळं. निळ्यात बाहेरून येणारी वायर जाते, तिला कोणी हात लावायचा नाही असा घरात दंडक आहे. उरली चार. परवा-परवापर्यंत चारांत आमचं भागत होतं. एकात टीव्ही, एकात नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप, एकात बॅकअपची पेटी, आणि चौथ्यातून निघालेली लांबलचक वायर भिंतीच्या कडेकडेने, दोन दारांच्या चौकटींवरून वळसे घेत माझ्या कामाच्या खोलीत. मग लेकीचा डेस्कटॉप आला. तो ठेवायला जागा एकच, माझ्या टेबलाला काटकोनात. म्हणजे खोलीत वायर एक आणि तोंडं दोन.

पहिले दोन आठवडे आम्ही ती वायर आलटून पालटून वापरली. ‘आई, तुझं झालं का?’ ‘थांब, फाइल जातेय.’ जिच्याकडे वायर नाही तिने वाय-फायवर जायचं. त्या खोलीत वाय-फाय नावालाच आहे, कारण मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. दिवसातून चार-पाचदा काढ-घाल चालल्यावर व्हायचं तेच झालं: प्लगच्या डोक्यावर ‘टक्’ आवाज करणारी जी इवलीशी प्लास्टिकची खिटी असते ती मोडली. खिटी मोडलेला प्लग बसतो, पण टिकत नाही. खुर्ची मागे सरकली की नेट गेलं, पाय लांब केले की नेट गेलं. लेकीने त्यावर चिकटपट्टी लावली. मी पुस्तकांची मांडणी करून पोट भरते; चिकटपट्टीवर तगलेल्या वस्तूंबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

‘एक स्विच आणावा म्हणते,’ मी संध्याकाळी जाहीर केलं.

‘कुठलं बटण बिघडलंय?’ सासूबाई.

बटण नव्हे, एक छोटी डबी असते, तिच्यात एक वायर घालायची आणि चार वायरी काढायच्या, वगैरे मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ‘मग ती चालू-बंद कशी करायची?’ करायची नसते, प्लग लावला की चालूच. ‘मग तिला स्विच कशाला म्हणायचं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांना समजावून देताना मी आधी एक्स्टेन्शन बोर्डाची उपमा दिली होती, ती मलाच नंतर पटेना. एक्स्टेन्शन बोर्ड बिचारा आंधळा असतो. त्याच्या जवळचं पूर्वीचं यंत्र म्हणजे हब. एका तोंडातून आलेलं बोलणं तो बाकीच्या सगळ्या तोंडांतून ओकायचा, ज्याचं असेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं. स्विच मात्र चेहरे लक्षात ठेवतो. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा आपला असा पत्ता असतो, तो त्याच्याकडून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर लिहिलेला असतो. स्विच तो वाचतो आणि टिपून ठेवतो: हा पत्ता तीन नंबरच्या भोकात राहतो. पुढच्या वेळी त्याच्या नावाने काही आलं की थेट तीन नंबरला. ज्याचा पत्ता माहीत नाही त्याच्यासाठी मात्र आलं ते भोक सोडून बाकी सगळीकडे विचारपूस. आणि एखादा बराच वेळ गप्प राहिला, साधारण पाच मिनिटं, तर त्याचं नाव वहीतून खोडून टाकायचं. सेटिंग करायला नको, पासवर्ड नको. हे वाचल्यापासून मला त्या डबीबद्दल थोडी आपुलकीच वाटायला लागली. शिवाय इथरनेटचा, म्हणजे या वायरीवरच्या नेटवर्कचा, पहिला स्विच १९९० साली ज्या कंपनीने बाजारात आणला तिचं नाव ‘कल्पना’. १९९४ मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने ती विकत घेतली आणि नाव मागे पडलं. मला वाटतं, सासूबाईंना ‘स्विच’पेक्षा ‘कल्पना’ हा शब्द सहज पटला असता.

घरात लगेच दोन पक्ष पडले. धाकटा दीर याच क्षेत्रातला, त्याला फोन केला तर तो सुटलाच. ‘वहिनी, घेतेसच आहेस तर नीट घे. आठ पोर्टचा घे, मॅनेज्ड घे, म्हणजे सेटिंग करता येतं, अडीच गिगाबिटचा घे, जमलं तर पीओईवाला घे, नेटच्या वायरीतूनच वीज देतो, उद्या कॅमेरा लावलास तर वेगळी वीज ओढायला नको.’ नवरा दुसऱ्या टोकाला. त्याचं म्हणणं एवढंच की घरात लुकलुकणारी आणखी एक वस्तू नको. त्याला पाठिंबा सासूबाईंचा. रात्री पाणी प्यायला उठतात तेव्हा त्या हॉलमधले दिवे मोजतात. ‘अकरा आहेत,’ त्या म्हणाल्या. आम्ही कोणी कधी मोजले नव्हते.

स्विच हवा असं मला वाटण्यामागे आणखी एक कारण होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मला ते वेगळं कारण वाटतच नव्हतं. माझ्याकडे जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं येतात, एकेक पान चांगलं जाडजूड. एका पुस्तकाचं फोल्डर ४० जीबीच्या घरात जातं. काम संपलं की ते हॉलमधल्या पेटीत टाकायचं. नेटवर्कला जोडलेल्या अशा साठवणीच्या पेट्यांना एनएएस म्हणतात, आमचीत दोन हार्डडिस्क आहेत, आमच्याकडे तिचं नाव पेटी. एक फोल्डर टाकायला तास लागायचा. बरोबर एक तास, घड्याळ लावून. मी ते गृहीतच धरलं होतं: एवढं मोठं ओझं, वेळ लागणारच. आणि मनात कुठेतरी हेही होतं की नवा स्विच आला, गिगाबिट वगैरे, की हे पण सुधारेल.

दिराशी दुसऱ्यांदा बोलताना हे सहज बोलून गेले, तर तो म्हणाला, ‘तास? लिंक किती दाखवतेय?’

लिंक कशाला म्हणतात हेच मला माहीत नव्हतं. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, आपण कधी जात नाही अशा कोपऱ्यात, ‘लिंक स्पीड’ म्हणून एक ओळ असते: वायरीच्या दोन टोकांची यंत्रं किती वेगाने बोलायचं ठरवतात तो आकडा. माझ्याकडे तिथे होतं १००/१००. तिथे १००० हवं होतं.

आता हे इतके दिवस लक्षात का आलं नाही, तर आमचा इंटरनेटचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा आहे. स्पीड टेस्ट लावली की ९४ यायचे. १०० च्या लिंकवर सगळा वरखर्च वजा जाता तेवढेच येतात, आणि १०० च्या प्लॅनवर तेवढे आले की माणूस खूश असतो. दोन्हीकडे आकडा एकच, त्यामुळे कोण कोणाला अडवतंय ते कळायला मार्ग नव्हता. वायर आजारी होती, पण तिला कधी जास्त जोराने पळायला लावलंच नव्हतं. ९४ मेगाबिटला आठाने भागा, सेकंदाला पावणेबारा मेगाबाइट होतात, त्यातलंही थोडं सांडून हाती साडेअकरा. ४० जीबीला तास लागणारच. हा हिशेब मला शाळकरी वयातसुद्धा करता आला असता, केला नाही एवढंच.

मग संशयितांची झडती. पेटीचं पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे १००० चं, तिच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. राउटर उलटा केला, त्याच्या पोटावरच्या चिठ्ठीवरही तेच. नवऱ्याचा लॅपटॉप हातभर वायरीने राउटरला लावला, लिंक १०००. तोच लॅपटॉप उचलून माझ्या खोलीत नेला, लांब वायर लावली. १००.

गुन्हेगार सापडला होता, पण तो होता वीसेक मीटर लांबीचा. कुठे बघायचं? मी सवयीने टोकांपासून सुरुवात केली, मुद्रितं तपासताना चुका ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटीच जास्त सापडतात. माझ्याकडचं टोक, तुटक्या खिटीचं, बाकी ठीक वाटलं. हॉलमधलं टोक काढून दिव्याखाली धरलं. छपाईतले ठिपके बघायला माझ्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, ते डोळ्याला लावलं. प्लग पारदर्शक असतो, आतल्या आठ तारा ओळीने दिसतात: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. सात तारा थेट पुढच्या भिंतीला नाक टेकवून उभ्या होत्या. आठवी, शेवटची तपकिरी, दीड-दोन मिलिमीटर मागेच थांबलेली. सोनेरी पातं तिच्यासाठी खाली उतरलं होतं, पण त्याच्या दाताखाली तार नव्हतीच. ज्या कोणी हे टोक बसवलं त्याने तारा एकसारख्या कापल्या नव्हत्या. इतकी वर्षं ती तार दाराशी येऊन बाहेर उभी होती.

आणि एका तारेने एवढं बिघडतं याचं कारण मजेशीर आहे. १०० एमबीपीएसचं इथरनेट १९९५ मधलं. त्याला आठांपैकी चारच तारा लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी नुसत्या सोबतीला. १९९९ मध्ये तांब्याच्या वायरीवरचं गिगाबिट आलं, त्याला चारही जोड्या लागतात, आणि प्रत्येक जोडीतून एकाच वेळी दोन्ही दिशांना बोलणं चालतं. एक जोडी लुळी पडली की बरीचशी यंत्रं कुरकुर न करता खाली १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. नेट बंद पडलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी शोधलं असतं. हे चालू राहिलं, म्हणून राहून गेलं.

प्लग वायरीवर दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड शेजाऱ्यांकडून आणली. काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. जुनं टोक कापायचं, बाहेरचं आवरण बोटभर सोलायचं, पिळलेल्या जोड्या सोडवून आठ तारा रंगांच्या क्रमाने एका रांगेत आणायच्या आणि सपाट कापायच्या. हे ‘रांगेत आणायच्या’ वाचायला सोपं आहे. एकीला दाबली की दुसरी उसळते. शेवटी मी त्या अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून, ओल्या केसांची बट सारखी करावी तशा मागे-पुढे चोळून सरळ केल्या आणि कात्रीने एका फटक्यात कापल्या. प्लगमध्ये सरकवून भिंगातून बघितलं, आठही नाकं भिंतीला टेकलेली. मग पक्कड दाबली. पहिला प्लग वाया गेला, हिरवी आणि निळी यांची अदलाबदल झाली होती. दुसरा बसला. लगे हात माझ्याकडचं तुटक्या खिटीचं टोकही बदललं.

लिंक १०००. खात्री म्हणून आयपर्फ नावाचा छोटा प्रोग्राम चालवला. तो दोन यंत्रांमध्ये नुसताच माल फेकून वेग मोजतो, हार्डडिस्क आणि इंटरनेट दोघांना बाजूला ठेवून. ९४१ एमबीपीएस. गिगाबिटवर याच्या आसपासच येतात, हजार कधी येत नाहीत. चाळीस जीबीचं फोल्डर सात मिनिटांच्या आत पेटीत पोचलं. मी ते पूर्ण वेळ खुर्चीत बसून बघितलं.

आता जर मी घाईने आधी स्विच आणला असता तर? तो त्याच लांब वायरीच्या टोकाला लागला असता आणि त्याची राउटरशी लिंक १०० चीच झाली असती. तपकिरी तारेला त्याचं काय. मी दोष स्विचला दिला असता. दिराच्या सल्ल्याने अडीच गिगाबिटचा आणला असता तर जरा जास्तच दिला असता. खरं तर माझ्या तक्रारी दोन होत्या, एक भोकांची आणि एक वेगाची, आणि मी त्या एकाच पुडक्यात बांधून एका डबीच्या गळ्यात अडकवणार होते. वेगाची तक्रार एका प्लगवर मिटली. राहिली भोकांची.

ती फुकटात मिटवण्याचा एक प्रयोग करून झाला. माळ्यावर जुना राउटर होता. प्रत्येक घरगुती राउटरच्या पोटात एक छोटा स्विच असतोच, ती चार पिवळी भोकं म्हणजे तोच. मग जुन्या राउटरचा नुसता स्विच म्हणून वापर का करू नये? करता येतो. त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा, पत्ते वाटायचं त्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करायचं, आणि मुख्य वायर त्याच्या निळ्या भोकात न घालता पिवळ्यात घालायची. मी शेवटचं तेवढं नीट केलं आणि पहिल्या दोन गोष्टींनंतर ‘सेव्ह’ दाबायला विसरले. परिणामी घरात १९२.१६८.१.१ हाच पत्ता सांगणारे दोन यजमान झाले आणि दोघेही पाहुण्यांना खोल्या वाटायला लागले. कोणाचं नेट चालायचं, कोणाचं नाही, आणि थोड्या वेळाने पाळी बदलायची. नवऱ्याची मीटिंग त्या पाळीत सापडली. त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

दुरुस्त केल्यावर चाललं सगळं. पण त्या जुन्या राउटरची भोकं १०० चीच निघाली. आठ तारा सरळ करून मिळवलेलं सगळं परत साडेअकरा मेगाबाइटवर. राउटर माळ्यावर गेला.

मग मी शेवटी जे आधी करायला हवं होतं ते केलं: कागद घेतला आणि घर काढलं. कुठली वस्तू कुठे, आणि कोण कोणाशी जास्त बोलतं. नवऱ्याचा लॅपटॉप बाहेर बोलतो, इंटरनेटशी. टीव्ही पण बाहेर. त्याचं पोर्ट, जसं बऱ्याच टीव्हींचं असतं, १०० चंच आहे, आणि फोर-के सिनेमाला वीस-पंचवीस एमबीपीएस पुरतात, त्याची काही तक्रार नाही. टीव्हीला वाय-फायवर ढकलून हॉलमध्ये एक भोक मोकळं करता आलं असतं, तो सल्लाही मिळाला होता. पण अडचण माझ्या खोलीत आणि मोकळं भोक हॉलमध्ये, त्याचं मी काय करू? दुसरी लांब वायर टाकणं हा खरा शुद्ध उपाय. पण वायर झाकायची पट्टी आधीच ठासून भरली आहे आणि चौकटीजवळचं भोक पाडायला नवऱ्याची परवानगी लागते, म्हणजे मिळत नाही.

कागदावर सगळ्यात जाड रेघ निघाली माझ्या कॉम्प्युटरपासून पेटीपर्यंत. आणि ती रेघ उगाचच अख्खं घर ओलांडत होती. पेटी हॉलमध्ये का, तर राउटर हॉलमध्ये म्हणून. तिचा वापर करते मी एकटी, तिच्या डिस्कची कुरकुर मात्र रात्री ऐकतात सासूबाई. पेटी माझ्या खोलीत आली आणि तिथे स्विच बसला, तर माझा माल डबीच्या आतल्या आत एका भोकातून दुसऱ्या भोकात जाईल, लांब वायरीला पत्ताही लागणार नाही. ती वायर मग फक्त बाहेरच्या बोलण्याला. स्विचच्या मागे असलेले सगळे मिळून त्या एका वायरीवर अवलंबून राहतात, ही स्विचची खरी किंमत आहे, पण तिथून गिगाबिट जातं आणि बाहेरून येतात फक्त १००. माझं आणि लेकीचं मिळून किती भांडण होणार?

इथे माझा निर्णय झाला. वेगाशी त्याचा काही संबंध नव्हता.

पाच पोर्टचा की आठचा, यावर मी बोटं मोजली. मुख्य वायर एक, माझा कॉम्प्युटर, लेकीचा, पेटी, प्रिंटर. पाच. पहिल्याच दिवशी घर भरलं. पाचच्या डबीत येणाऱ्या वायरीलाही एक भोक लागतं हे खरेदी करताना सगळे विसरतात, मीही विसरले होते. म्हणून आठ. पीओई नको, आमच्याकडे वायरीतून वीज पिणारं काही नाही. अडीच गिगाबिटसाठी मात्र मला दोन दिवस मोह झाला. ते मानक २०१६ चं, आणि मुद्दाम अशा बेताने केलेलं की भिंतीतल्या जुन्या कॅट-फाइव्ह-ई वायरीच चालाव्यात. पण माझ्या पेटीचं पोर्ट गिगाबिट, राउटरचं गिगाबिट. मधली डबी कितीही तेज असली तरी दोघं आपल्या चालीनेच चालणार. मध्ये डबी आली की उशीर होईल, गेममध्ये ‘लॅग’ येईल, ही लेकीची भीती होती. तिला गणित करून दाखवलं: पंधराशे बाइटचा मोठ्यात मोठा तुकडा आधी पूर्ण घेऊन मग पुढे द्यायला गिगाबिटवर लागतात साधारण १२ मायक्रोसेकंद. तिच्या वाय-फायमध्ये याहून कितीतरी जास्त वेळ नुसता आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो. ती म्हणाली, ‘बरं.’ तिच्या वयात ‘बरं’ म्हणजे पुष्कळ झालं.

राहिला मॅनेज्ड. त्यात एकाच डबीत वेगवेगळी जाळी करता येतात, व्हीलॅन म्हणतात, मानकाप्रमाणे ४,०९४ पर्यंत. आम्ही घरात चार माणसं. नको म्हटलं. पत्र्याच्या खोक्याचा, पंखा नसलेला, सेटिंग नसलेला साधा आठ पोर्टचा घेतला.

बसवायला जेमतेम पाच मिनिटं लागली. पेटी माझ्या टेबलाखाली गेली, तिचे चार दिवे आणि राउटरवरचा तिच्या नावाचा एक असे पाच दिवे हॉलमधून कमी झाले. दुसऱ्या सकाळी सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, ‘सहाच राहिलेत.’ नवरा काही बोलला नाही, पण हॉलमधल्या मोकळ्या झालेल्या पिवळ्या भोकाकडे त्याने दोनदा बघितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या घराचं नेट गेलं. माझं, लेकीचं, टीव्हीचं, वाय-फायसुद्धा. राउटर बंद-चालू केला, मिनिटभर चाललं, पुन्हा ठप्प. खोलीत येऊन खाली वाकले तर स्विचचे सगळे दिवे लुकलुकत होते, पण रोजच्यासारखे आपापल्या लयीत नाही. सगळे एकदम, एका तालात, वेड्यासारखे. आणि सात दिवे होते. पाच वायरींना सात दिवे.

हातभर लांबीची एक जास्तीची वायर मी तपासणीसाठी एका टोकाने स्विचला लावून ठेवली होती, दुसरं टोक जमिनीवर लोळत. सासूबाईंनी झाडताना ते उचलून रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवलं होतं. पायात आलं असतं. त्यांचं अगदी बरोबर होतं. रिकामं भोक आणि मोकळं टोक दिसल्यावर कोणीही तेच करेल.

तर स्विचच्या दोन भोकांना एकच वायर लागली की काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. ‘सगळ्यांना सांगा’ म्हणून येणारे काही तुकडे नेटवर्कवर अधूनमधून फिरतच असतात. स्विच तो तुकडा सगळ्या भोकांतून बाहेर पाठवतो. त्यातला एक त्या वायरीतून फिरून त्याच्याकडेच परत येतो. तो त्याला नवा समजतो आणि परत सगळ्यांना पाठवतो. इंटरनेटच्या पाकिटावर निदान उलटी गणती असते, दर मुक्कामाला एकाने कमी होते आणि शून्यावर पाकीट फेकून दिलं जातं. इथरनेटच्या तुकड्यावर तशी काही सोय नाही. तो मरतच नाही. फिरतच राहतो, दर फेरीला सगळ्यांना पुन्हा पोचतो, मागून येणारे नवे त्यात भर घालतात, काही क्षणांत वायरी तुडुंब. यावरचा उपाय जुना आहे: रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री म्हणून एक युक्ती काढली, स्विच आपसात बोलून असली फिरती वाट ओळखतात आणि तिचं एक तोंड बंद करून टाकतात. मॅनेज्ड स्विचमध्ये ती असते. माझ्यात नाही.

दिराला सांगितल्यावर तो काय म्हणाला ते लिहायची गरज नाही. त्याचं पीओईबद्दल चुकलं होतं, अडीच गिगाबिटबद्दल चुकलं होतं. पण मॅनेज्ड हवा होता याला माझ्याकडे उत्तर नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर निदान लूप, म्हणजे ही फिरती वाट, ओळखणारा बघेन. तोवर ती हातभर वायर कपाटात गेली आहे आणि तीन रिकाम्या भोकांना रबरी बुचं लावली आहेत.

त्या दुपारी डबी थांबवायला मला टेबलाखाली रांगत जाऊन, पेटीच्या मागे हात घालून, ॲडॉप्टर चाचपडत उपटावा लागला होता. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. ‘बटण असतं तर बरं झालं असतं ना?’ त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ॲडॉप्टर भिंतीवरच्या बटणाच्या सॉकेटमध्ये हलवला, हात पोचेल अशा उंचीवर. बटणावर छोट्या कागदावर ‘स्विच’ असं लिहून चिकटवलं आहे. चिकटपट्टीने.